'आपल्या लोकांना सोसत नाही' म्हणे!

"मोठ्या आतड्याचं ऑपरेशन आपल्या लोकांना सोसत नाही." नागपूरच्या धंतोलीत दवाखान्याबाहेरच्या टपरीवर हे वाक्य ऐकलं की डोकं सटकतं माझं. मामेभावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होतात, त्यामुळे असलं ज्ञान फुकट मिळतं.

वंशाचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. इंग्लंडात लेस्टरच्या १९९२ च्या अभ्यासात भारतीय उपखंडातून गेलेल्यांत हा आजार गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट दिसला होता. पण आजार होणं वेगळं, ऑपरेशन निभणं वेगळं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या ऑपरेशनचे निकाल वाईट निघतात, तेव्हा त्यात विम्याचा, उशिरा दाखल होण्याचा हिशोबही असतो. आणि तिथल्या आकडेवारीच्या 'आशियाई' रकान्यात जपानी, चिनी, गुजराती सगळे एकाच पोत्यात! त्यावरून गोंदियाच्या पेशंटचं काय सांगता बापा?

आमच्याकडे काय झालं ते ऐका. रक्त पडतं म्हणजे मूळव्याध, असं ठरवून एका डॉक्टरनं महिनोन्‌महिने मलमं दिली. कोलोनोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं आतून बघण्याचं, नाव नाही. पुढे दुसरीकडे निदान झालं, स्टेरॉइड सुरू झाले, तोवर वजन गेलं, हिमोग्लोबिन गेलं, आणि शेवटी इमर्जन्सीत आतडं काढावं लागलं. ठरवून केलेल्या ऑपरेशनपेक्षा इमर्जन्सीत जिवाचा धोका कितीतरी जास्त असतो. तिथे रक्त कुठल्या देशाचं हे कोण बघतं?

आता पोटावर इलिओस्टोमीची पिशवी आहे, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर पिशवी लावलीय. आणि नागपूरचा मे. पारा ४५ वर. या वाटेनं पाण्याबरोबर मीठही जातं, आणि नुसतं पाणी ढोसलं तर पिशवी आणखी भरते. मामी बिचारी माठातल्या पाण्याचे तांबेच्या तांबे पाजत होती, इकडे याच्या पायात गोळे. स्टोमा नर्सनं (अशा पिशवीची काळजी घ्यायला शिकवणारी नर्स) ओआरएस घोटाघोटानं द्यायला लावलं तेव्हा कुठे थांबले. 'आपल्या लोकांचं' वेगळं काही असेल तर ते हे ऊन आहे.

पुढची पायरी पाऊच. लहान आतड्याच्या टोकाचीच पोटात पिशवी करून गुदद्वाराला जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्समधल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली पद्धत. त्यानंतरही दिवसातून ५-६ वेळा जावं लागतं, पाऊचला सूज येऊ शकते, हे घरच्यांना आधीच सांगितलंय. सर्जनला मी एकच विचारणार आहे: वर्षाला असे किती करता? सवयीच्या हातात निकाल चांगले येतात.

भावाचा प्रश्न मात्र वेगळा आहे, सावजी केव्हा खाता येईल?

कुणी पाऊच करून घेतला असेल तर उन्हाळा कसा काढता ते कमेंटमध्ये लिहा.