गाड्यांच्या मारामारीचा गेम आता कुठं मिळंल?

काल बेळगावच्या शहापुरात आमच्या कट्ट्यावर पाऊस जरा थांबल्यावर विषय निघाला तो बारक्यामुळं. त्यानं सरळ विचारलं, "दादा, गाडीवर मशिनगन बसवून एकमेकांना उडवायचं, असला आत्ताचा चांगला गेम कुठला हाय?" झालं, पुढचा दीड तास तेच.

मास्तर लगेच म्हणाले, असले गेम संपले. मास्तर कॉम्प्युटर क्लास चालवतात, त्यांच्या शब्दाला वजन आहे. "ट्विस्टेड मेटल १९९५ चा, कार्मागेडॉन १९९७, व्हिजिलांटे एट १९९८. तो काळच वेगळा. ट्विस्टेड मेटलचा शेवटचा गेम आला २०१२ ला, पीएस थ्रीवर, म्हणजे प्लेस्टेशन थ्रीवर, २०२३ ला त्याची टीव्ही मालिका आली पण नवा गेम काय आला नाही. आता कुठं शोधालास?"

"काय सांगालाय मास्तर, मी रोज रात्री खेळालोय की," दाद्या तापलाच. दाद्या उद्यमबागेत लेथवर असतो आणि क्रॉसआउटवर त्याचा जीव आहे. २०१७ चा गेम, फुकट. केबिन, चाकं, चिलखत, तोफा असा एकेक पार्ट जोडून गाडी आपणच बांधायची आणि लढाईत ती पार्टापार्टानंच सुटते, म्हणजे समोरच्याची चाकं उडवली तर तो जाग्यावर अडकतो, तोफा उडवल्या तर नुसता पळत सुटतो, आणि केबिन फुटली की विषय संपला. "सगळं चिलखत पुढं लावलास तर मागनं आलेला तुला खातोय, मागं पण लावलास तर वजन वाढून गाडी हलत नाही," असं तो दोन्ही हातांनी गाडी धरल्यासारखं करून सांगत होता, आणि मला वाटतं त्या गेमचा खरा कस तिथंच आहे, गोळ्या झाडण्याआधी गॅरेजमध्ये.

मास्तरांचं म्हणणं, चांगले पार्ट मिळवायला महिनोन् महिने घासावं लागतं. ते दाद्यानं पण मान्य केलं.

बारक्या म्हणाला मग रेकफेस्ट? २०१८ चा, फिनलंडच्या बगबेअर कंपनीचा, फ्लॅटआउट गेम केलेले तेच लोक. त्यात बंदूक नाही, फक्त धडक, पण पत्रा कसा चेपतोय बघायला पाहिजे! यावर बंदूक नसंल तर त्याला लढाई म्हणायचं का, यावर वीस मिनिटं गेली. मॅड मॅक्स, २०१५ चा, त्यात चालत्या गाडीवरनं हार्पून म्हणजे दोराचा भाला मारून समोरच्याचं चाक उपटता येतं, ते मला फार आवडलेलं, पण एकट्यानंच खेळायचा.

आणि माझं भांडण इथंच आहे. आम्हाला जे आठवतंय ते गाड्या आणि रॉकेट नव्हेच, मामाच्या घरी एका टीव्हीच्या स्क्रीनचे दोन तुकडे करून ट्विस्टेड मेटल टू खेळताना शेजारी बसलेल्याला कोपरानं ढोसणं, ते आठवतंय. ते हळूहळू गेलं. स्क्रीनचे चार तुकडे केले की मशिनला तेच मैदान चार वेळा काढावं लागतं, आणि पोरं ऑनलाइन गेली. गाड्या तर हेलो, बॅटलफील्डसारख्या गोळीबाराच्या गेमांत शिरल्याच होत्या. मास्तर म्हणतात गेम संपले, मी म्हणतो ते फुटून विखुरले. म्हणून शोधणाऱ्यानं आधी ठरवावं, कुणाबरोबर खेळायचंय. एकटा असशील तर मॅड मॅक्स घे, दाद्यासारखा बांधणारा असशील तर क्रॉसआउट, शेजारी दोस्त बसणार असतील तर रोड रिडेम्प्शन बघ, २०१७ चा, रोड रॅश खेळलेल्याला लगेच कळंल, बाईकवरनं जाता जाता हाणामारी आणि एका स्क्रीनवर चौघं. रॉकेट लीग पण चालंल, फुल स्पीडनं धडक दिली की समोरची गाडी फुटते.

"ते गाड्यांचं फुटबॉल की!" मास्तर ओरडले.

"गाडी फुटते का नाही?"

मास्तर जरा गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्याकडं २०१२ चा तो ट्विस्टेड मेटल हाय. चौघं खेळता येतंय. पीएस थ्री पण चालू हाय, कंट्रोलर तेवढे तीनच हाईत."

बारक्यानं तिथंच मोबाईल काढला, अनगोळात त्याच्या दोस्ताकडं एक पडलाय म्हणे. रविवारी दुपारी जेवून मास्तरांच्या घरी.