‘गंजक्या डब्यातलं विष’: काकांना उत्तर

नमस्कार काका (रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनिअर असं तुम्हीच लिहिलंत म्हणून काका म्हणतेय, राग नसावा). जुन्या बाजारातून आणलेल्या, हाताने फिरवायच्या ड्रमच्या कॉफी रोस्टरबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या बाजारातून गंजका डबा आणून त्यात कॉफी भाजणं म्हणजे विष पिणं, पत्र्यावर जस्त असणार, कुठेतरी डाख (सोल्डर) असणार, मी काहीच तपासलेलं दिसत नाही, आणि एवढा उपद्व्याप कशाला, कढईत भाजा की!

डाखाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. मी त्यावर एक ओळही लिहिली नव्हती, चूक माझीच. झाकणाच्या बिजागरीपाशी कुणीतरी कधीकाळी ठिगळ मारून सोल्डर केलेलं होतं, खिळ्याने ओरखडलं तर मऊ आणि आतून चकचकीत. कथील-शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसपासूनच मऊ पडायला लागतं आणि कॉफीचा फर्स्ट क्रॅक, म्हणजे लाह्या फुटल्यासारखा पहिला तडतडाट, होतो साधारण १९६ला, म्हणजे कॉफी तयार व्हायच्या आधीच शिसं ड्रममध्ये. मी ते ठिगळ आजूबाजूच्या पत्र्यासकट कापून काढलं आणि तिथे स्टीलचा तुकडा रिवेटने बसवून घेतला. हे सगळं केलं पण लिहायचं राहिलं, कारण मला त्या लाकडी मुठीचंच कौतुक जास्त होतं :)

जस्ताचं मात्र नाही पटलं. साधा काळा पत्रा आहे, सगळीकडून सारखा तांबूस गंजलेला, गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, असता तर घेतलाच नसता. गंज सायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून, तारेच्या ब्रशने घासून काढला, मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात आणि धूर थांबेपर्यंत तापवणं, असं चार वेळा. बिडाचा तवा आपण असाच तर वळणावर आणतो.

आणि कढई! केलंय हो काका, दोन महिने केलंय. कॉफीच्या बीची एक बाजू सपाट असते, ती त्याच बाजूवर बसून राहते, उलथनं कितीही फिरवा, एक गाल काळा आणि दुसरा पिवळा. ड्रममध्ये ती सतत गडगडते. पीबेरी म्हणतात ती बी तर फळात एकटीच वाढते म्हणून गोल, ती सगळ्यात छान भाजली जाते. ड्रम निम्माच भरायचा, २५० ग्रॅम, हात थांबवायचा नाही, बारा-तेरा मिनिटांत काढून लगेच चाळणीत पंख्याखाली, नाहीतर स्वतःच्याच उष्णतेने पुढे भाजत राहते. वजन उरतं २१० च्या आसपास, बाकीची वाफ आणि गॅसभर उडालेले पापुद्रे (ओटा पुसण्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, तिथे खरी टीका करायला वाव होता).

सासूबाई सध्या तोच रोस्टर शेंगदाणे भाजायला मागतायत. तो मात्र देणार नाही, दाण्याच्या तेलाचा वास एकदा पत्र्याला धरला की पुढच्या चार कॉफ्या चटणीच्या.