आबांच्या गुरांवर अजून निळी ताडपत्रीच

आज सकाळी पुन्हा तेच बघितलं आणि डोकं फिरलं. आबांच्या दोन गायी आणि एक गाभण म्हैस निळ्या ताडपत्रीखाली, खूर बुडतील एवढ्या चिखलात. दहा पावलांवर त्यांचा गोठा. तीन भिंती ताठ उभ्या, चौथी आषाढात पडलेली. चिरे तिथेच पडलेत, एकही फुटलेला नाही. गवंडी मेस्त तयार आहे, चुना भिजत घातलाय. आणि कागद काय आला? पुनर्बांधणीला परवानगी देता येत नाही.

कारण गोठा संरक्षित वास्तूच्या, इथे एका देवळाच्या, हद्दीपासून 70 मीटरवर आहे. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, फाइल अजून मिटलेली नाही. गावातल्यांना कळलंच असेल.)

ज्यांचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग), शेत किंवा गोठा अशा वास्तूजवळ आहे त्यांनी हे नीट वाचा. सगळा घोळ ‘पुनर्बांधणी’ या एका शब्दाचा आहे. केंद्राच्या संरक्षित वास्तू म्हणजे आपल्याकडे गोव्यात तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर, हरवळ्याच्या गुंफा, फोंड्याची साफा मशीद, जुने गोवेतली चर्चेस. 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली, त्यानुसार यांच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र. अंतर देवळाच्या भिंतीपासून नाही, संरक्षित जागेच्या हद्दीपासून मोजतात. इथेच लोक फसतात. कळसापासून टेप लावून 110 मीटर म्हणतात आणि निघतात 85.

नियंत्रित क्षेत्रात परवानगी घेऊन पुनर्बांधणी करता येते. प्रतिबंधित क्षेत्रात फक्त दुरुस्ती, तीही तुमचं बांधकाम 16 जून 1992 च्या आधीचं असेल तर. पडलेलं तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीचं पुन्हा उभारलं तरी कायद्याच्या भाषेत ती पुनर्बांधणी. म्हणजे भिंत वाकलेली असेपर्यंत तुम्ही दुरुस्तीवाले. ती झोपली की तुम्हाला दार बंद. विनापरवाना बांधलं तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि राग येतो तो याचा: सार्वजनिक संडास, गटारं, नळाच्या पाण्याची कामं, विजेची लाइन, हे त्याच कायद्याच्या व्याख्येत ‘बांधकाम’ धरलेलं नाही. देवळाशेजारी संडास चालतो. पिढ्यान् पिढ्या ज्या गोठ्यातलं दूध त्या देवळात गेलं, त्याची एक भिंत चालत नाही!

बरं, आबांनी हयगय केली का? अजिबात नाही. मार्चमध्ये अर्ज टाकला होता, दुरुस्तीचाच. आता कायद्यातलेच दिवस मोजा. सक्षम अधिकाऱ्याने 15 दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने 2 महिन्यांत मत कळवायचं, मग 1 महिन्यात होकार किंवा नकार. सगळे वेळेवर वागले तरी साडेतीन महिने. मार्चचा अर्ज म्हणजे जून उलटला. पाऊस कोणाच्या सहीसाठी थांबत नाही. म्हणून अर्ज दिवाळीत टाका. फेब्रुवारी संपता संपता उत्तर येतं आणि कामाला मार्च ते मे हे कोरडे महिने मिळतात.

होय, मान्य, दुरुस्तीच्या नावाखाली बंगले उठतात. जुने गोवेत 2021 साली लोकांना त्यासाठीच रस्त्यावर यावं लागलं. कडक नियम हवेतच. पण 24 बाय 14 फुटांचा कौलारू गोठा आणि बंगला यांतला फरक फोटो बघूनही कळतो.

भिंत पडली कशी, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी कोणीतरी ‘मजबुतीसाठी’ पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून दिला. आतला जोड मातीचा. माकडांनी वरची कौलं सरकवली, पाणी भिंतीच्या माथ्यातून उतरलं, जमिनीची ओल खालून चढली, आणि सिमेंटमुळे बाहेर पडायला वाट नाही. मातीचा चिखल झाला, भिंतीने पोट काढलं. त्यावर साडेआठशे-नऊशे मंगळुरी कौलं, म्हणजे दोन टनांच्या वर ओझं. ती पडणारच होती. उरलेल्या तीन भिंतींना सिमेंट लागलं नाही, म्हणून त्या उभ्या आहेत.

तुमच्या गोठ्याच्या भिंतीला पोट दिसलं तर गिलावा चढवू नका. परवानगी हातात आली की आधी छपराचं वजन टेकूंवर घ्या. मग फुगलेला भाग तीन-चार फुटांच्या टप्प्याने उतरवून त्याच चिऱ्यांनी बांधत जा, सगळी भिंत एकदम मोकळी करू नका. जोडाला एक भाग चुना, तीन भाग रेती. चुना निदान दोन आठवडे भिजलेला हवा. पावळी अडीच-तीन फूट बाहेर ठेवा, झडीचं पाणी भिंतीला लागता कामा नये. लाकडी खांब मातीत पुरू नका, दगडावर बसवा, नाहीतर वाळवी खालून पोखरते. आणि स्लॅबचा विचारही नको. मातीच्या जोडाची भिंत तो पेलत नाही, शिवाय तुमचा दुरुस्तीचा अर्ज तिथेच मरतो.

कागदांत सगळ्यात अवघड जातो तो 1992 चा पुरावा. घराला घरपट्टीची पावती असते, गोठ्याला घर नंबरच नसतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर जमीन कोणाची ते कळतं, गोठा नाही. सर्व्हेच्या जुन्या नकाशात त्या जागी छोटा चौकोन दाखवलेला असेल तर त्याची प्रमाणित प्रत आजच काढा. चारी बाजूंचे फोटो काढा, भिंतीला टेप लावून, उंची वाचता येईल असे. पडल्यानंतर काढलेल्या फोटोला काही अर्थ उरत नाही. पंचायतीचा परवाना वेगळा लागतोच. आणि वास्तू राज्याच्या यादीतली असेल, नार्व्याच्या सप्तकोटेश्वरासारखी, तर तिला राज्याचा 1978 चा कायदा. तेव्हा आधी यादी बघा, मग अर्ज लिहा.

आबा मात्र चिडत नाहीत. काल म्हणाले, “देवाच्या शेजारी राहतो, थोडं सोसायला हवं.” त्यावर काय बोलणार? पण म्हैस महिनाभरात विणार आहे, रेडकू चिखलात पडेल. गुरं, मळा, कौलारू छप्पर गेल्यावर त्या मंदिराभोवती पेव्हर आणि पार्किंग उरेल. त्याच चौथऱ्यावर, त्याच चिऱ्यांनी, कौलाखाली बांधायच्या गोठ्याला पावसाआधी वेगळी, लवकरची वाट मिळालीच पाहिजे, भिंत पडलेली असली तरी.

आता काम. तीन भिंती उभ्या आहेत, म्हणून ही दुरुस्तीच, असा नवा अर्ज पुढच्या आठवड्यात जातोय. सर्व्हेच्या नकाशावर चौकोन आहे, पण पुसट. आबांच्या थोरल्या मुलीचं लग्न 1989 साली त्याच अंगणात झालं, मांडव गोठ्याला लागून होता. त्या लग्नाचा फोटो कोणाकडे असेल तर शोधा. नवरा-नवरी नसली तरी चालेल, मागे पश्चिमेची भिंत आणि वरची कौलं दिसायला हवीत. उजेडात सरळ धरून मोबाइलने टिपा आणि रविवारपर्यंत मला मेसेजमध्ये पाठवा. मूळ फोटो फेकू नका, तो दाखवावा लागेल.