लेझर हेअर रिमूव्हलचा व्हायरल मेसेज घाबरवतो नको तिथे

फिरत असलेल्या मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: लेझरचे किरण खोल शिरून कॅन्सर आणि वंध्यत्व आणतात. त्यापेक्षा घरचं आयपीएल (प्रकाशाच्या झोताने केस काढणारं) यंत्र बरं, ते कुणालाही चालतं. दुखू नये म्हणून बधिर करणाऱ्या मलमाचा जाड थर लावून वर प्लास्टिक गुंडाळा. दोन-तीन सिटिंगमध्ये केस कायमचे जातात.

"कॅन्सर, वंध्यत्व." या लेझरचा प्रकाश ७५५ ते १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे गडद लाल ते अवरक्त. क्ष-किरणांसारखी डीएनए तोडायची ताकद त्यात नाही. काही मिलिमीटरमध्ये तो विरतो, अंडाशयापर्यंत पोचतच नाही. विषय संपला.

"कुणालाही चालतं." खरी गोम इथे आहे. प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, तापवतो, पण मेलॅनिन त्वचेतही असतं. सावळ्या किंवा नुकत्याच उन्हात रापलेल्या त्वचेत वरचा थरच भाजतो. मग फोड येतात आणि पुढे महिनोन्‌महिने न जाणारे काळे, क्वचित पांढरे डाग राहतात. अशा त्वचेला १०६४ नॅनोमीटरचं 'एनडी-याग' प्रकारचं लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण मेलॅनिन त्याला कमी शोषतं. आयपीएल तर लेझरच नाही, त्यात अनेक तरंगलांबींची सरमिसळ असते. म्हणूनच घरच्या बऱ्याच यंत्रांच्या माहितीपत्रकात गडद त्वचेला मनाई असते. आधी छोट्या भागावर टेस्ट पॅच घ्या आणि किमान ४८ तास थांबा. केसाच्या मुळाभोवती मोहरीएवढी सूज आणि लाली दिसली तर ठीक, ती एक-दोन दिवसांत उतरते. हँडपीसच्या (यंत्राचा हातात धरून त्वचेवर टेकवायचा भाग) टोकाच्या आकाराचे ठसे उमटले तर ते भाजणंच.

"मलमाचा जाड थर." अख्ख्या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. मोठ्या भागावर लावून झाकलं की मलमातलं लिडोकेन हे बधिर करणारं औषध रक्तात भराभर उतरतं. झटके येतात, हृदयाची लय बिघडते. पायांना मलम लावून प्लास्टिक गुंडाळलेल्या २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणी अशाच दगावल्या आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जाहीर इशारा दिला. शिवाय त्वचा पूर्ण बधिर असली की भाजतंय हे कळतच नाही.

"दोन-तीन सिटिंग." किरण लागू पडतो तो वाढीच्या टप्प्यातल्या केसांनाच, आणि सगळे केस एकाच वेळी त्या टप्प्यात नसतात. म्हणून साधारण सहा ते आठ सिटिंग लागतात, चेहऱ्यावर ४ ते ६ आठवड्यांनी, अंगावर ६ ते ८. आधीचा महिनाभर वॅक्सिंग, थ्रेडिंग नको. मूळच उपटलं तर तापवायचं काय? आदल्या दिवशी फक्त रेझर फिरवा. पांढऱ्या केसांवर पैसे घालवू नका. केस कायमचे कमी होतात, साफ जात नाहीत. पीसीओएस (अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) असेल तर नवे येत राहतात.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: जबडा आणि मानेवरची बारीक लव लेझरने उलट जाड, काळी होऊ शकते. तसं दिसलं तर पुढची सिटिंग घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.