शिसं फुगतं, पण किती? 4.49वाल्या भाऊंना उत्तर

10 मीटर एअर रायफलसाठी पेलेटची (शिशाच्या छोट्या गोळीची) बॅच, म्हणजे कारखान्यातला लॉट, कशी निवडावी, यावरच्या माझ्या लेखाखाली काल रात्री एका वाचकाने नाव न घालता प्रतिक्रिया टाकली आहे. ती आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी काही गाळलं असं व्हायला नको. नवख्यांसाठी एवढंच: 4.49, 4.50 हा डब्यावर लिहिलेला पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलीमीटरमध्ये; आणि ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका.

'मास्तर, कूलरसमोर बसून थिअरी झाडणं सोपं आहे. नागपूरच्या उन्हात शिसं फुगतं, 4.50चं पेलेट बॅरलमध्ये आवळतं, म्हणून एप्रिलपासून 4.49च वापरावं, हे रेंजवर जाणाऱ्या कोणालाही कळतं. पाच-पाच गोळ्यांच्या ग्रुपवरून बॅच ठरवणं म्हणजे नाणेफेक. ज्या पोराचा हातच अजून स्थिर नाही त्याच्या बापाला चार बॅचचे डबे घ्यायला लावू नका. आणि 0.53 ग्रॅम म्हणजे 8.2 ग्रेन होतात, 8.4 नाही.'

शेवटचं आधी. 8.2च बरोबर. पेलेटचं वजन ग्रेनमध्ये (गोळ्यांच्या वजनाचं एकक) टायपताना चूक झाली, आज सकाळी दुरुस्त केली, आभार. चूक दाखवली की मी मान्य करतो, एवढं तरी दिसलं असेल.

आता 'मास्तर'. आपल्याकडे हा शब्द दोन तऱ्हांनी म्हणतात, आणि तुम्ही कोणत्या तऱ्हेने म्हटला ते पुढच्या 'कूलरसमोर'वरून कळतं. सतरा वर्षं मी पोरापोरींच्या रायफली शिकंज्यात आवळून बॅच तपासतो आहे. मे महिन्यात, पत्र्याच्या छताखाली. कार्डांचे गठ्ठे घरी आहेत, प्रत्येकावर तारीख, बॅच आणि बॅरलचा नंबर आहे. तुमच्याकडे काय आहे? 'कोणालाही कळतं'. हा पुरावा नव्हे भाऊ, ही पानठेल्यावरची गोष्ट झाली.

तर शिसं फुगतं का? फुगतं. दर अंशाला, दर मिलीमीटरमागे साधारण 0.000029 मिलीमीटर. तुमच्याच बाजूने हिशेब धरू: डिसेंबरातली पहाट 10 अंश, मे महिन्यातली दुपार 45, म्हणजे फरक 35 अंशांचा. 4.50 मिलीमीटरचं पेलेट त्यात 0.0046 मिलीमीटर वाढलं. पण बॅरलही त्याच उन्हात आहे ना? की ते फ्रीजमध्ये ठेवता? पोलाद दर अंशाला 0.000012च्या आसपास वाढतं, आणि बॅरलचं भोकही त्याच प्रमाणात मोठं होतं, म्हणजे 0.0019. दोन्हींची वजाबाकी 0.0027 मिलीमीटर. डब्यावरच्या 4.49 आणि 4.50मधलं अंतर आहे 0.01. तापमानामुळे एका नंबराचा फरक पडायचा असेल, तर हिवाळा-उन्हाळ्यात 130 अंशांचं अंतर लागेल. वैशाखातही नागपूर अजून तिथे पोचलेलं नाही.

आणि 'आवळतं' म्हणजे नेमकं काय आवळतं? पेलेटचं पुढचं चपटं डोकं बॅरलच्या आतल्या धारांवर जेमतेम बसतं. मागचा स्कर्ट डोक्यापेक्षा रुंदच बनवलेला असतो. बोल्ट (पेलेट बॅरलमध्ये सारणारा दांडा) पुढे ढकलला की तो दाबला जाऊनच आत जातो, आणि हवेच्या झोताने पुन्हा भिंतीला चिकटतो, म्हणून तर हवा निसटत नाही. जो भाग मुळातच दाबला जाण्यासाठी केलेला आहे, त्याला 0.0027ने काय होणार?

बोल्टला खरंच जोर लागत असेल तर तीन जागा बघा. एक, बोल्टच्या तोंडाशी असलेला रबरी ओ-रिंग जागेवरून सरकला किंवा कापला गेला आहे का. दोन, बॅरल सुरू होते तिथे शिशाचा थर साचला आहे का. बॅरलच्या भोकात फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या घालून तो निघतो. त्या मागून पुढे ढकलायच्या, गोळी जाते त्याच दिशेने, आणि काळ्या निघायच्या थांबेपर्यंत. तीन, पेलेटवर पांढरट भुकटी आली आहे का. ही शेवटची मात्र आपल्या उन्हाळ्याची खरी भानगड आहे, पण ती उन्हाची नाही, कूलरच्या ओलाव्याची. उघडा डबा कूलरच्या झोतात राहिला, किंवा लाकडी ड्रॉवरमध्ये पावसाळाभर पडून राहिला, की शिसं गंजतं. लाकडातून सुटणारी आम्ल वाफ त्याला आणखी खाते. असा डबा सरावालाही वापरू नका, आणि ती भुकटी हाताला लागली तर जेवणाआधी हात साबणाने धुवा.

उन्हाचा त्रास शोधायचाच असेल तर रायफलच्या हवेच्या सिलिंडरमध्ये शोधा. 25 अंशांवर 200 बार भरलेला सिलिंडर 45वर साधारण 213 बार दाखवतो. बंद गाडीत तर विचारू नका. भरलेला सिलिंडर गाडीत ठेवून वरणभात खायला घरात जाणारे महाभाग आहेत. रेग्युलेटर (सिलिंडरमधून येणारा दाब एकसारखा ठेवणारा भाग) जुना असेल तर या वाढलेल्या दाबावर पहिल्या काही गोळ्यांचा वेग हलतो आणि ग्रुप उभा पसरतो. उभा पसरलेला ग्रुप बघून लोक पेलेटला शिव्या घालतात आणि 4.49चा डबा आणतात. नवा डबा उघडला, मधल्या काळात सिलिंडरही थंड झाला, ग्रुप सुधारला, श्रेय 4.49ला. तुमच्या 'कोणालाही कळतं'च्या मुळाशी हेच असावं अशी मला दाट शंका आहे.

4.49 वाईट आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. एखाद्या बॅरलला ते बारा महिने लागू पडतं, शेजारच्या बॅरलला 4.51. डब्यावरचा नंबर हा कारखान्याचा अंदाज. 4.50 लिहिलेले दोन डबे वेगळ्या साच्यांतले असतील तर वेगळे वागतात, म्हणून स्टिकरवरचा बॅच नंबर महत्त्वाचा. बॅरल शिकंज्यात आवळा, ब्रँड बदलला की दहा-पंधरा गोळ्या मोजणीबाहेर सोडा, कारण आधीच्या पेलेटचा थर आत असतो. मग दर ग्रुपला नवं कार्ड, मागे घट्ट कागद, सारख्या अंतराने गोळ्या. व्हर्निअरने भोकाची बाहेरची कड ते बाहेरची कड मोजा आणि त्यातून 4.5 वजा करा.

तो आकडा वाचायचा कसा, हे लेखात राहून गेलं होतं. दशांश गुणांत दर 0.1मागे पाव मिलीमीटर असतो. केंद्रापासून पाव मिलीमीटरच्या आत 10.9, अडीच मिलीमीटरपर्यंत 10.0. बाहेरून 5.5 मिलीमीटर मोजलेला ग्रुप म्हणजे गोळी मध्यापासून फार तर अर्धा मिलीमीटर सरकली, नेम अचूक असेल तर 10.8च्या खाली जायचं कारण नाही. बाहेरून 8 मिलीमीटर असेल तर त्याच नेमावर 10.3 येऊ शकतात. 2008मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राची शेवटची गोळी 10.8 होती. तिथे पेलेटने अर्धा मिलीमीटर खाल्ला असता तर, हा विचार करून बघा आणि मग थिअरीला हसा.

बाकीचे मुद्दे. पाच गोळ्यांचा ग्रुप म्हणजे नाणेफेक? पाचच्या ग्रुपने नापास बॅच बाजूला काढायच्या असतात, पास झालेल्यांना पुढे दहाचे ग्रुप लावायचे हे लेखात आहे. नीट वाचलं असतंत तर दिसलं असतं. पोराच्या बापाचा खिसा? चार डबे म्हणजे दोन हजार गोळ्या, नापास बॅचही सरावात संपतेच, फेकून कोण देतं? हात स्थिर नसण्याबद्दल वेगळा लेख लिहीन तेव्हा बोलू.

तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही, राहू दे. पण ती वाचून एप्रिलमध्ये कोणी डोळे मिटून 4.49 मागवू नये, म्हणून हे उत्तर तिच्याच खाली चिकटवून ठेवतो आहे. तुमच्याकडे एकाच बॅचची, एकाच बॅरलमधून मारलेली हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची कार्डं असतील तर फोटो टाका, सिलिंडरच्या दाबासकट. आणि या वेळी नाव लिहा.