सरांना गाडी पसंत आहे

जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत बाईमाणसाला फार मान असतो. ‘लेडी ड्रिव्हन’ एवढं लिहिलं की गाडीची किंमत दहा-वीस हजारांनी वर सरकते. बाईने चालवलेली, म्हणजे हळू चालवलेली, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, आत गुटख्याचा डाग नाही, क्लच शाबूत. पण तीच बाई गाडी विकत घ्यायला आली, की एजंट तिच्या खांद्यावरून मागे बघतो, बरोबर कोण आलंय म्हणून. रविवारी माझ्या मागे कोणीच नव्हतं आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

शेहेचाळिसाव्या वर्षी मी लायसन्स काढलं. का काढलं ते सांगत बसत नाही. पुण्यात रिक्षा शोधलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. बजेट अडीच लाख. त्यातच नाव ट्रान्सफर, इन्शुरन्स आणि पहिली ठोकाठोकीही बसवायची. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हा बिल्डिंगमधल्या लोकांनी जिन्यात अडवून अडवून माझं अभिनंदन केलं, जणू अर्थमंत्र्यांनी माझ्या एकटीकडे बघून तो निर्णय घेतला होता. पण नवी गाडी कितीही उतरली तरी माझे अडीच लाख काही चढले नाहीत.

त्यामुळे जुनी. आणि जुनी म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, “शिकायलाच हवीये ना?” वॉचमनने विचारलं, जावेने विचारलं, बँकेत पासबुक भरून देणाऱ्या मुलानेही विचारलं. शिकायला असेल तर कशीही चालेल, असा त्यात भाव. म्हणजे जिला ब्रेक नेमका कधी दाबायचा हेच अजून उमगायचंय, तिला ब्रेक उशिरा लागणारी गाडी द्यायची. मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना कोणी गंजलेली सुरी देतं का, की नाही तरी शिकायचंच आहे म्हणून? पण हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण फार व्यवहारी बोललो असं वाटत असतं, आणि मी दर वेळी हसून “हो ना” म्हणते.

पुण्यात विकायला असलेल्या निम्म्या गाड्या डॉक्टरांच्या असतात. उरलेल्या निम्म्या रिटायर्ड कर्नलच्या. हे डॉक्टर बहुधा पायीच व्हिजिटला जातात आणि कर्नलसाहेब गाडी फक्त पुसतात. कारण बारा वर्षांच्या गाडीचा मीटर अडतीस हजार दाखवतो. भागाकार केला तर दिवसाला नऊ किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. आणि क्लचच्या पेडलचं रबर मात्र इतकं गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं. मीटर मागे फिरवता येतो, पेडल फिरवता येत नाही, हे मला आता कळतं. कारण मी अभ्यास केला होता. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ असेल तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघायचं, असेल तर कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ मागायचा. नाव बदलायला २९ आणि ३०. इन्शुरन्समधली सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाबरोबरच जातो. हे सगळं मी डायरीत लिहून, प्रश्नांना नंबर घालून रविवारी सकाळी निघाले. आमचे हे म्हणाले, “मी येऊन काय करू, मला त्यातलं काही कळत नाही.” एक पुरुष असं उघडपणे म्हणतो याचं मला त्या क्षणी कौतुक वाटायला हवं होतं. पुढे वाटलं.

रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, बाहेर उन्हात दहा-बारा गाड्या, शेजारी पंक्चरचं दुकान. एजंट तिशीचा, एका कानात इयरफोन. त्याने वहीत माझं नाव आणि नंबर लिहून घेतला.

“कोणासाठी बघताय मॅडम?”

“माझ्यासाठी.”

“नाही, म्हणजे चालवणार कोण?”

“मी.”

“अच्छा, अच्छा.” दुसरं अच्छा एक पट्टी खाली होतं.

गाडी पांढरी वॅगनआर, २०१३ची, पेट्रोल, दोन लाख पस्तीस. मी डायरी उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, टायर कधीचे आहेत? तो म्हणाला, “टायर एक नंबर आहेत मॅडम, सत्तर टक्के.” सत्तर टक्के कशाचे, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

“बॉनेट उघडा.”

साठीच्या पुढचे एक गृहस्थ. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात हेल्मेट. पुण्यात ते हातातच असतं. नमस्कार नाही, ओळख नाही. मला वाटलं, हा एजंटचा मेकॅनिक असणार. एजंटला काय वाटलं ते पुढे कळलं. त्याने लगेच इयरफोन काढला, जो माझ्यासाठी काढला नव्हता, आणि बॉनेट उघडलं.

“स्टार्ट करा. रेस करा. अजून.” गृहस्थ मागे जाऊन सायलेन्सरपाशी वाकले. “निळा नाहीये. निळा असता तर ऑइल खातेय म्हणायचं.” हे त्यांनी मला सांगितलं. तोंडी परीक्षेत शेजारच्याचं उत्तर ऐकून ठेव म्हणतात त्या सुरात. मग त्यांनी दाराचं रबर बोटाने उलटं केलं. “हे काय? रबराला कंपनी रंग लावते का?”

“सर, ते थोडं टचअप...”

“टचअप नाही. फेंडरच्या बोल्टांना पाना लागलाय. डाव्या बाजूने ठोकलीय.”

“मायनर होतं सर. पार्किंगमध्ये.”

“टायर?”

आणि इथे माझ्या डोळ्यांदेखत तो एजंट, पांढरी पँट घातलेला, रस्त्यावर उकिडवा बसला आणि त्याने चारही टायरांवरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवले. पुढचे दोन २०२१चे, मागचे दोन २०१७चे. सत्तर टक्क्यांचा विषयच निघाला नाही.

मी डायरीतला पुढचा प्रश्न विचारला, बोजा आहे का? एजंट त्या गृहस्थांकडे बघून म्हणाला, “नाही सर, पेपर क्लिअर आहेत.” मी विचारलं, सर्व्हिस रेकॉर्ड मिळेल का? “मिळेल ना सर.” प्रश्न माझ्या तोंडून निघत होते आणि उत्तरं दोन फूट बाजूने जात होती. मी एक पाऊल डावीकडे सरकून बघितलं. उत्तरंही सरकली.

गृहस्थ आता रंगात आले होते. त्यांनी आपण पद्मिनीवर शिकल्याचं सांगितलं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पॉवर स्टिअरिंगचं नाव नाही, वळवताना दंड भरून यायचे. “आता काय, बोटाने फिरवतात.” हे माझ्या बोटांकडे बघून. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. तिच्यावर शिकलेल्या माणसांसाठी मात्र सरकारने अशी कुठलीच वयोमर्यादा घातलेली नाही. घाट चढताना ती कशी गरम व्हायची, मग दगड लावून कसे थांबायचे, खंबाटकी वेगळा, बोर घाट वेगळा, असं बरंच झालं. एजंट प्रत्येक घाटाला “बरोबर सर” म्हणत होता. त्याचा जन्म बहुधा पद्मिनी बंद पडायच्या सुमारासचा असावा.

मग टेस्ट ड्राइव्ह. एजंटने किल्ली काढली आणि माझ्या पसरलेल्या हाताच्या वरून नेऊन गृहस्थांच्या हातात दिली. ते बसले ड्रायव्हिंगला. एजंट बसला शेजारी. उरलेलं दार मागचं होतं. माझ्या पैशांनी, माझ्या नावावर होऊ घातलेल्या गाडीत मी मागे बसले, पर्स मांडीवर घेऊन. पाचशे मीटर जाऊन आलो. दोन स्पीडब्रेकर लागले. “लोअर आर्म वाजतोय,” गृहस्थ म्हणाले. “बुश असतील सर,” एजंट म्हणाला. मला मागून फक्त डिकी वाजत असल्यासारखी वाटली, ते मी सांगितलं. त्यावर कोणी काही बोललं नाही. मी परत सांगितलं. “काच वर घ्या मॅडम, धूळ येतेय,” एजंट म्हणाला.

परत आल्यावर भाव सुरू झाला. गृहस्थ म्हणाले, २०२८ला पंधरा वर्षं भरतात, पासिंग परत करावं लागणार, एप्रिल २०२२पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झालीय, वर पर्यावरण कर. हे माझ्या डायरीत अकराव्या नंबरला होतं. मी म्हटलं, “दोन पंधरा.” एजंट पेन शोधत होता. गृहस्थ म्हणाले, “दोन पंधरा.” एजंटने छातीवर हात ठेवला. “सर! मरेन मी!”

मग तो माझ्याजवळ आला आणि आवाज बारीक करून म्हणाला, “मॅडम, तुमचे मिस्टर फार बारकाईने बघतात हो. नशीब लागतं.”

“कोणाचे मिस्टर?”

“सर.”

“मला वाटलं, ते तुमचे मेकॅनिक आहेत.”

तो खो-खो हसला. इतका, की गृहस्थांनी वळून बघितलं. मी त्यांना विचारणार, अहो तुम्ही नक्की कोण, तोच शेजारून पंक्चरवाला पोरगा ओरडला, “ओ काका, झाली स्कूटर! दोन पंक्चर निघाली!” गृहस्थांनी किल्ली एजंटच्या हातात दिली, हेल्मेट हँडलला अडकवलं, आणि जाता जाता माझ्याकडे वळले. “बाई, एक सांगू? आधी रिव्हर्स पक्का करा. मग गाडीचं बघा.”

माझं रिव्हर्स यांनी कुठे बघितलं? मी अख्ख्या सकाळीत स्टिअरिंगला हातही लावला नव्हता. लावू दिला नव्हता.

एजंटला मी शांतपणे सांगितलं, “मी या माणसाला ओळखत नाही.” त्याने मान तिरकी केली, डोळ्यांत समजूतदारपणा आणला. “होतं मॅडम, घरोघरी होतं. पण सर बोलतात ते तुमच्याच भल्याचं असतं. राग शांत झाला की या परत.” आणि माझ्यासाठी अर्धा चहा मागवला.

घरी सांगितलं तेव्हा आमचे हे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग अचानक थांबून म्हणाले, “दिसायला कसे होते?”

मला दुसरा नवरा मिळाला यात गंमत आहे, मलाही हसू येतं. पण त्या माणसाचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, हे डोक्यातून जात नाही. चुकीचं असतं तर मजा आली असती. रबराचा रंग, टायरचे आकडे, पासिंगची फी, सगळं बरोबर, आणि सगळं माझ्या डायरीत शाईने लिहिलेलं. फरक एवढाच की ते बोलले आणि एजंट उकिडवा बसला. हेल्मेट हातात असल्याने हे होत असेल तर मी उद्या हेल्मेट घेऊन जाईन. कार बघायला हेल्मेट घालून गेलेली बाई, होऊ दे बातमी. मैत्रीण म्हणते, पुढच्या वेळी भावाला घेऊन जा. माझ्या भावाला स्टेपनी कुठे असते ते माहीत नाही. पण तो उभा राहिला तरी पुरेल, असं तिचं म्हणणं. उभं राहण्यासाठी त्याला लोणावळ्याहून बोलवायचा?

मंगळवारी एजंटचा फोन आला.

“मॅडम, अभिनंदन! सर सकाळीच येऊन टोकन देऊन गेले. दोन दहाला फायनल केलं.”

मी परत विचारलं. दोन दहाच. माझे दोन पंधराही ऐकू न आलेला हा माणूस.

“म्हणाले, घरच्यांसाठी घेतोय. अरेरे, सरप्राइज होतं का मॅडम? मी उगाच बोललो. बरं, पेपर करायचे आहेत, फॉर्म ३०वर नाव कोणाचं टाकू? तुमचं की सरांचं?”

“सरांचंच टाका,” मी म्हटलं. “आणि त्या गाडीला अजून हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलेली नाही, मी बघितलंय. तिचे ७४५ अधिक जीएसटी होतात. किमतीत धरू नका. त्यांच्याकडून वेगळे घ्या.”