‘मोबाईल आला आणि कोकण बिघडलं’: हे खरं नाही

वाडीवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मोबाईल येण्याआधी कोकणात अफवा नव्हत्या, देवाचा कौल आणि जाणत्यांचा शब्द यांवर गाव सुखाने नांदत होतं, मोबाईलने श्रद्धा मारली, फोन बाजूला ठेवा, जुनं गाव परत येईल. चाकरमानी तो गावावरच्या मायेने पाठवतात, हे मला कळतं. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे आणि त्यामुळे खरा धोका नजरेआड होतो.

अफवा नव्हत्या म्हणता, तर २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली. भारतात मोबाईल सेवा सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. बातमी पोचवली ती घरच्या फोनांनी आणि तोंडी निरोपांनी. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरतं, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून लगेच दाखवलं. तोवर रांगा लागून गेल्या होत्या.

त्याच्याही शंभर वर्षं मागे जा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि माणसं लाखोंनी शहर सोडून निघाली, त्यांत कोकणातली पुष्कळ होती. ‘इस्पितळात नेलेल्याला मारून टाकतात’ अशी बोलवा शहरभर होती. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. घरोघरी आजारी माणसं लपवली गेली. त्या लोकांना मी अडाणी म्हणणार नाही. परकं सरकार घरात घुसून माणसं उचलत होतं, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? विश्वास उडाला की अफवेला जागा मिळते. तेव्हाही असंच होतं, आजही असंच आहे.

आता कौलाचं. देवळात गुरव देवाला कळ्या लावतो, मानकरी बसलेले असतात, प्रश्न मोठ्याने विचारला जातो, कळी उजवी पडली की डावी हे सगळ्यांना दिसतं. विचारणारा कोण, कुठल्या घरचा, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. कौलाने पावसाचं भाकीत खरं ठरतं असं मी मानत नाही. पण त्या रीतीत शब्द बोलणाऱ्याला चारचौघांत उभं राहावं लागे, ही गोष्ट मोलाची होती.

सगळं गाव सुखाने नांदत होतं, हे मात्र साफ खोटं. याच कोकणात गावकीने कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकली. विहिरीवर मज्जाव, लग्नाला बोलावणं नाही, बोलेल त्याला दंड. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी इतक्या आल्या की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पहिला ठरला. त्या घरांना विचारा, जुनं गाव परत हवं का.

श्रद्धा मेली म्हणावं, तर शिमग्याची पालखी नाचते ती मुंबईच्या खोलीत बसून लाइव्ह बघणारे कोण आहेत?

आणि फोन बाजूला ठेवायचा? हे दर्यावर जाणाऱ्याला सांगून बघा. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा उंच लाटांचा इशारा आणि हवामान खात्याचं वादळाचं भाकीत त्याच्या हातात येतं ते फोनवरच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तारा तुटल्या, रेंज गेली. दापोली-मंडणगडात आई-वडील कसे आहेत हे न कळल्याने मुंबईत लोक तळमळत होते.

तो मजकूर एका गोष्टीत बरोबर आहे: नुकसान खरं आहे. १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षेकरी होते ते. संशयाचं ते विष फोनमधून फिरत होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. त्याने वेग थोडा कमी होतो, पण मूळ दुखणं निनावीपणाचं आहे. १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव घालणं सक्तीचं केलं. इंग्रजांनी तो लोकांवर नजर ठेवायला केला असेल, पण वाचणाऱ्याला जाब विचारायला एक नाव तरी मिळालं. फॉरवर्ड केलेला मजकूर मामाच्या नंबरवरून येतो, म्हणून खरा वाटतो. लिहिलेला मामाने नसतोच.

या मजकुरावरही ना नाव आहे ना तारीख. आमच्या ग्रुपवर तो पाठवणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे: हे कोणी लिहिलं, अफवा नसलेलं ते गाव कुठलं आणि साल कुठलं? उत्तर ग्रुपवरच द्या, सगळ्यांसमोर.